मखराचे खिळे आणि ॲस्बेस्टॉसची भिंत

गणेशचतुर्थी जवळ आली की आपल्या घरोघरी भिंती घासणे, रंग देणे, मखरासाठी खिळे ठोकणे सुरू होते. गेल्या वर्षी आम्ही एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरावरून चाललो होतो. तो ड्रिलने भिंतीला भोके पाडीत होता. खाली पांढुरकी पूड पडली होती आणि त्याची धाकटी मुलगी ती केरसुणीने झाडीत होती. "गुरुजी, या ना आत!" तो म्हणाला. आम्ही आत गेलो ते "आधी ते यंत्र बंद कर" म्हणतच.

ते घर सितेतले. १९६० साली जानेवारीत आलिक्स आणि फेब्रुवारीत कॅरोल ही चक्रीवादळे आली आणि मॉरिशसमधील हजारो घरे जमीनदोस्त झाली. त्यानंतर सेंट्रल हाउसिंग ऑथॉरिटीने ठिकठिकाणी वसाहती उभारल्या. त्यांतील तीन हजारांहून अधिक घरांत ॲस्बेस्टॉसचे पत्रे वापरले होते. न जळणारा, न कुजणारा, शिवाय स्वस्त; गवती छपराखाली वादळ काढलेल्यांना तो पत्रा वरदानच वाटला असणार. त्यांतली कित्येक घरे अजून उभी आहेत आणि त्यांत माणसे राहत आहेत.

अशा पत्र्यात सिमेंट पुष्कळ आणि ॲस्बेस्टॉसचे तंतू साधारण दहा-पंधरा टक्के असतात. पत्रा अखंड आणि रंगवलेला असेल तोवर तंतू आत बांधलेले राहतात. कापला, घासला, फोडला की ते हवेत जातात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण फुफ्फुसात रुततात. त्यांपासून होणारा कर्करोग वीस, तीस, चाळीस वर्षांनीही उद्भवतो. सिगारेट ओढणाऱ्याला फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी अधिक. एका दिवसाच्या धुळीने रोग जडेलच असे नाही, हेही सांगितले पाहिजे; पण अमुक इतकी धूळ निर्धोक, असेही कोणी सांगू शकत नाही.

आम्हीच कुठे शहाणे होतो? लहानपणी होळीत या पत्र्याचे तुकडे टाकायचो. तापले की फटाक्यासारखे फुटत आणि आम्ही टाळ्या पिटायचो!

तेव्हा वाचकहो, पत्रा धड असेल तर त्याला हात लावू नका. पॉलिश कागद, तारेचा ब्रश, जोराच्या पाण्याचा फवारा, सारे वर्ज्य. वादळात एखादा तुकडा पडलाच, तर मुलांना दूर करा, हातमोजे घाला, साबणाच्या पाण्याने तो भिजवा आणि न मोडता जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत एकात एक बांधा. जमीन ओल्या फडक्याने पुसा व ते फडकेही त्याच पिशवीत टाका. केरसुणी नको, घरचा व्हॅक्यूमही नको. दोन्हींनी धूळ उडते. नाकाला बांधलेला रुमाल तर उपयोगाचाच नाही. पिशवीवर ठळक लिहा आणि उसाच्या शेतात फेकू नका. ती कुठे द्यायची ते आरोग्य कार्यालयात विचारा. सबंध भिंत वा छप्पर काढणे हे शिकलेल्या माणसांचे काम. शेजारच्या मिस्त्रीला हातोडा देऊन ते करवू नये.

ज्यांची मुले जुन्या इमारती पाडण्याच्या कामावर जातात, त्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. १९६५ साली लंडनमध्ये न्यूहाउस व थॉम्पसन यांनी या रोगाच्या रुग्णांची चौकशी केली. त्यांत काहींनी कारखाना पाहिलाही नव्हता. घरचे माणूस तेथे कामाला होते, एवढाच त्यांचा संबंध. धूळ कपड्यांवरून घरी आली होती. म्हणून कामाचे कपडे कामावरच उतरावेत. मुखवटा, वेगळे कपडे, अंग धुण्याची सोय हे मालकाकडे मागायला लाजू नये. कामगारांची सुरक्षा ही २००५ च्या कायद्याने मालकाची जबाबदारी आहे.

त्या दिवशी मुलीला अंगणात नेऊन आंघोळ घालायला आम्ही तिच्या आईला सांगितले. दारे लावून पूड ओल्या फडक्यांनी टिपली, भोके बुजवून वर रंगाचे दोन हात दिले. मखर मग लाकडी चौकटीवर, भिंतीपासून वीतभर पुढे उभे राहिले. यंदाही त्याने तीच चौकट माळ्यावरून काढली आहे.