रेडिओवर उडणारे विमान : छंद श्रीमंतांचा, हुन्नर कारागिराचा

बाजारात ज्या वस्तूला खेळणे म्हणतात, तिच्यात कित्येकदा चार-पाच धंद्यांचा हुन्नर दडलेला असतो. रेडिओच्या इशाऱ्यावर उडणारे छोटे विमान ही अशीच एक वस्तू आहे. हा छंद महागडा समजला जातो, म्हणून आपले सुतार, शिंपी, गॅरेजवाले आणि रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे बंधू त्याकडे वळूनही पाहत नाहीत. वास्तविक या विमानाचे असे एकही काम नाही, जे आपल्या मोहल्ल्यात कोणी ना कोणी करत नाही. म्हणून हे विमान बनते कसे, उडते कसे, त्यासाठी मंडळ का लागते आणि त्यात कामधंदा कितपत आहे, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

या छंदाची सुरुवातच दोन हातांच्या भागीदारीतून झाली. अमेरिकेत मिशिगन राज्यातील कलामाझू येथे वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ साली ‘गफ’ नावाचे विमान रेडिओवर उडवले. एकाला विमानाच्या सांगाड्याची जाण होती, दुसऱ्याला रेडिओची. तयार माल कोठे मिळतच नव्हता, सगळे हातानेच करावे लागले. ते विमान पुढे स्मिथसोनियन संग्रहालयाने जतन केले.

आता घडण पाहू. जुन्या पद्धतीच्या विमानाचा सांगाडा बाल्सा लाकडाचा असतो. हे लाकूड मुख्यतः दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोरहून येते आणि सागाच्या साधारण पाव वजनाचे असते. पातळ फळीतून पंखाच्या फासळ्या कापायच्या, त्या लांब पट्टीवर ओळीने बसवायच्या, पॉलिश पेपरने घासून एकसारख्या करायच्या. हे सुताराचे काम झाले. त्यावर पातळ प्लास्टिकचे आवरण ताणून गरम इस्त्रीने चिकटवतात. सुरकुती राहता कामा नये आणि ताण दोन्ही पंखांवर सारखा हवा, नाही तर पंख पिळतो. हे काम शिंप्याच्या हाताला लवकर जमते. अलीकडे थर्मोकोलसारख्या, पण त्याहून चिवट फोमची विमाने जास्त चालतात. ती स्वस्त पडतात आणि मोडली तर डिंकाने लगेच जोडता येतात.

पण कितीही सुबक बांधले तरी विमान उडते ते तोलावर. नवशिके नेमके येथेच फसतात. विमानाचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या सुमारे पाव ते तीन दशांश अंतरावर हवा. पंख २५ सेंटिमीटर रुंद असेल तर ही जागा सव्वासहा ते साडेसात सेंटिमीटरच्या दरम्यान येते. तेथे दोन्ही बाजूंनी बोटाची टोके लावून विमान उचलायचे. ते सरळ राहिले किंवा नाक किंचित खाली झुकले तर ठीक. शेपटी खाली गेली तर ते विमान उडवू नये. बॅटरी पुढे सरकवून तोल साधावा. नाकाकडे जड विमान कसेबसे उडते, शेपटीकडे जड विमान एकदाच उडते, असे या छंदातले जुने लोक सांगतात. पतंग बनवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. पतंग एका बाजूला झुकू लागला की दुसऱ्या टोकाला चिंधीचे थोडे वजन बांधतात, त्यातलाच हा प्रकार.

विमानाला शक्ती दोन प्रकारे मिळते. पूर्वी मिथेनॉलवर चालणारे छोटे इंजिन सर्रास वापरत. त्याच्या इंधनात वंगण म्हणून एरंडेल तेल घालतात, कारण ते मिथेनॉलमध्ये विरघळते आणि खूप तापले तरी वंगण देत राहते. एरंडीच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे, हे आपल्या तेलाच्या व्यापाऱ्यांना ठाऊकच आहे. आज मात्र बहुतेक विमानांत विजेची मोटर आणि लिथियम-पॉलिमर बॅटरी असते. या बॅटरीचा एक सेल भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो. ३ व्होल्टच्या खाली गेला की खराब होतो. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये. चार्जिंग लावून दुकान बंद करून जाणे तर कटाक्षाने टाळावे, कारण ही बॅटरी पेटली तर विझवणे कठीण असते.

उडवणाऱ्याच्या हातातील संचावर दोन दांड्या असतात. त्या हलवल्या की विमानातील रिसीव्हर इशारा घेतो आणि सर्व्हो नावाच्या छोट्या मोटरी शेपटीच्या व पंखांच्या झडपा हलवतात. पूर्वी एका मैदानावर दोघांचे संच एकाच फ्रिक्वेन्सीवर लागले तर विमान कोसळायचे. म्हणून फ्रिक्वेन्सीच्या फळीवर खुंटी लावल्याशिवाय संच सुरू करायचा नाही, असा मंडळांचा दंडक असे. आता २.४ गिगाहर्ट्झचे संच आपापली जोडी ओळखतात, त्यामुळे ती भीती बरीच कमी झाली. तरीही संच आधी सुरू करायचा, विमान नंतर. बंद करताना विमान आधी, संच नंतर, हा क्रम चुकवू नये.

मंडळ का हवे, हे एका हिशेबावरून कळेल. अडीच किलोचे विमान ताशी ६० किलोमीटर वेगाने आदळले, तर तो मार सुमारे १४ मीटर उंचीवरून, म्हणजे चौथ्या मजल्यावरून पडलेल्या अडीच किलोच्या दगडाइतका असतो. वस्तीजवळच्या मोकळ्या जागेत, मुले खेळत असताना असे विमान उडवणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. दुसरी अडचण शिकण्याची. विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागले की डावे-उजवे उलटे होते आणि नवशिक्याचा हात चुकतो. मंडळात यावर सोय असते. उस्तादाचा आणि शिकणाऱ्याचा संच एकमेकांना जोडतात. विमान बिघडू लागले की उस्ताद एक बटण सोडून ताबा आपल्याकडे घेतो. सगळ्यांनी एका रेषेत उभे राहायचे, विमान रेषेच्या पलीकडेच ठेवायचे, माणसांच्या डोक्यावरून न्यायचे नाही, हे नियम मंडळच पाळून घेऊ शकते. अमेरिका आणि ब्रिटनमधील राष्ट्रीय संघटनांच्या सभासदत्वात तर दुसऱ्याच्या नुकसानीचा विमाही असतो. आपल्याकडे विद्यार्थ्यांना एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग शिकवतात. आपली मुले तेथे गेली तर घरचा खर्च न करता हात बसेल.

कायद्याची बाजूही समजून घ्यावी. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने ड्रोन नियम लागू केले. छंदाची रेडिओ विमानेही त्यात येतात. या नियमांनुसार विमान नजरेच्या टप्प्यातच ठेवायचे. नकाशावरील हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. मात्र विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते, आणि ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर. दोन किलोपर्यंतचे विमान व्यापारी हेतूने उडवायचे नसेल तर वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही, म्हणून पहिले विमान हलकेच घ्यावे. मुंबईत पोलीस वेळोवेळी आदेश काढून ड्रोनबरोबर रिमोटवरच्या छोट्या विमानांवरही बंदी घालतात. शहर कोणतेही असो, मैदानावर जाण्यापूर्वी चालू नियम आणि स्थानिक पोलिसांचा आदेश पाहून घ्यावा. माहीत नव्हते, ही सबब चालत नाही.

राहिला प्रश्न रोजगाराचा. आमचे स्पष्ट मत असे की, एकदम मोठे दुकान थाटून विमाने विकण्यात जोखीम आहे. गिऱ्हाईक थोडे आणि माल लवकर जुना होतो. आयातीत तर डोळे उघडे ठेवावेत. ९ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने तयार आणि सुट्या जुळणीच्या ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, सुटे भाग मात्र मोकळे राहिले. रेडिओ संचाला वायरलेस विभागाची मान्यताही लागते. म्हणून परदेशी ऑर्डर देण्यापूर्वी आपला माल कोणत्या सदरात मोडतो, हे कस्टम एजंटकडून लेखी घ्यावे. खरी संधी दुरुस्तीत आणि हातकामात आहे : मोडलेले पंख जोडणे, आवरण चढवणे, सर्व्होची दातेरी चाके बदलणे, तारांची जोडणी, शाळा-महाविद्यालयांसाठी फोमचे साधे संच कापून देणे. त्याला भांडवल थोडे आणि हात पक्का लागतो. हीच मोटर, हाच सर्व्हो, हीच बॅटरी फवारणीच्या आणि मोजणीच्या ड्रोनच्या धंद्यातही भेटते. ज्याला तिकडे उडवण्याचे काम करायचे असेल, त्याचे वय १८ ते ६५ असावे, तो दहावी उत्तीर्ण असावा आणि त्याने शासनमान्य संस्थेतून प्रशिक्षण घेतलेले असावे. मुलाला दहावीपर्यंत तरी शिकवावे, त्याला हे आणखी एक कारण झाले.

सुरुवात करायची तर एकट्याने पैसे घालू नयेत. एक सुतार, एक शिंपी, एक गॅरेजवाला आणि एक रेडिओ दुरुस्त करणारा, अशा चौघांनी मिळून फोमचे एक हलके विमान बांधावे आणि जवळच्या मंडळातील जाणत्या माणसाला दाखवूनच मैदानावर न्यावे. पहिले विमान मोडणारच. ते चौघांनी मिळून दुरुस्त केले, की त्यांच्यापैकी कोणाचा हात या धंद्याला लागतो ते आपोआप कळेल.