बायोस बिघडले? मदरबोर्ड टाकून देऊ नका

अपडेट चालू असताना वीज गेली, तर बायोसची चिप अर्धवट लिहिली जाते. पंखा फिरतो, स्क्रीन मात्र काळीच राहते.

● फ्लॅशबॅक बटण : ही सोय असलेल्या बोर्डावर पेनड्राइव्हमधून बायोस पुन्हा भरता येते.

● बटण नसेल तर : वीज तोडा, बटणसेल काढा. बायोसच्या आठ पायांच्या चिपला क्लिप लावून सीएच३४१ए प्रोग्रामर (चिप वाचणारे-लिहिणारे उपकरण) दुसऱ्या संगणकाला जोडा.

● व्होल्टेज : चिप ३.३ व्होल्टची की १.८ ची, हे जोडण्याआधीच तिच्यावरील क्रमांकावरून तपासा. जास्त व्होल्टेजने ती जळू शकते.

● जुनी प्रत : चिप दोनदा वाचून दोन फाइलींत जतन करा. दोन्ही फाइली तंतोतंत जुळल्यावरच पुसा. त्या फाइली जपून ठेवा; त्यांत बोर्डाचा अनुक्रमांक असू शकतो.

● शेवटी : नेमक्या त्याच मॉडेलची फाइल लिहा आणि पडताळणी केल्याशिवाय क्लिप काढू नका.