लॅब्रॅडॉर घेताना पिल्लाच्या आईचं वय विचारा

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर तीन-चार जणांनी मला गाठून एकच प्रश्न विचारला, "लॅब घ्यायचाय, पेपर्सवाला कुठे चांगला मिळेल?" आजचा विषय तिथूनच सुरू करू.

पेपर्स म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी. त्यावर आई-बाप, आजी-आजोबा यांची नावं असतात. वंश कळतो, पण त्या आईचे खुबे कसे आहेत, बापाला रात्री नीट दिसतं का, हे कळत नाही. विकणारा "हेल्थ चेक झालंय" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो, की पिल्लाला जंताचं औषध दिलंय आणि पहिली लस टोचलीय. ते हवंच. पण मी ज्या तपासण्यांबद्दल बोलतोय त्या पिल्लाच्या नाहीत, आई-बापाच्या आहेत, आणि त्या मेटिंगच्या आधी करायच्या असतात.

आधी खुबा घेऊ. खुब्याचा सांधा उखळीसारखा असतो, मांडीच्या हाडाचा गोल माथा वाटीत बसतो. हिप डिस्प्लेसियात ही वाटी उथळ राहते, सांधा सैल पडतो आणि हळूहळू झिजतो. सहा-सात महिन्यांचं पिल्लू धावताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकत्र टाकतं, जिना चढायला का-कू करतं. मालकाला वाटतं, आळशी आहे! जन्मतः हे खुबे ठीकच दिसतात, बिघाड वाढीच्या काळात होतो. शिवाय यामागे एक जनुक नसून अनेक जनुकं आहेत, त्यामुळे गालातला कापूस पाठवून निकाल मिळत नाही. भूल देऊन, पाय सरळ मागे ताणून एक्स-रेच काढावा लागतो. ब्रिटनच्या पद्धतीत कुत्रा किमान एक वर्षाचा असावा लागतो, आणि दोन्ही खुबे मिळून 0 ते 106 गुण देतात. गुण जितके कमी तितकं चांगलं. अमेरिकेतली ऑर्थोपेडिक फाउंडेशन ही संस्था 1966 पासून हे काम करते. ती अंतिम श्रेणी 24 महिन्यांनंतरच देते.

आता हिशेब करा. लॅबची मादी पहिल्यांदा माजावर येते ती साधारण वर्षाच्या आसपास. त्याच माजाला तिला नर दाखवला, तर 63 दिवसांनी पिल्लं. म्हणजे तिच्या खुब्यांची अंतिम श्रेणी ठरायच्या आत तिची पिल्लं विकून झालेली असतात. म्हणून मी म्हणतो, पहिला प्रश्न "आई किती वर्षांची?" हाच. एवढ्या एका आकड्यावरून तपासणी झाली असण्याची शक्यता तरी आहे का, ते कळतं.

पण चांगल्या खुब्यांच्या आई-बापाचं पिल्लू आणलं म्हणजे आपली जबाबदारी संपली असं नाही. अमेरिकेत 48 लॅब्रॅडॉरांवर आयुष्यभर चाललेला एक प्रयोग आहे, 2002 साली प्रसिद्ध झाला. जोड्या लावल्या, आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी अन्न दिलं. कमी खाणाऱ्यांत खुब्याचा त्रास कमी, आणि मध्यक आयुष्य 11.2 ऐवजी 13 वर्षं! आपल्याकडे गुबगुबीत लॅब म्हणजे कौतुकाचा विषय. त्यात घरात गुळगुळीत टाइल्स. पिल्लाखाली चटई तरी टाका.

डोळ्यांचं गणित वेगळं आहे. पीआरए या आजारात पडदा झिजत जातो. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग उजेडातही. लॅबमधल्या नेहमीच्या प्रकारात हे बरेचदा चार-सहा वर्षांचा झाल्यावर लक्षात येतं, तोवर तो नर कितीतरी पिल्लांचा बाप झालेला असतो. पण इथे दोष एकाच जनुकात आहे, त्यामुळे डीएनए चाचणी आधीच सांगते. दोषी जनुकाची एकच प्रत असेल तर तो कुत्रा कॅरिअर, त्याला स्वतःला काही होत नाही. दोन कॅरिअरची जोडी लावली, तर प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के.

(श्रोत्यांतून प्रश्न : म्हणजे कॅरिअर निघाली तर तिची नसबंदीच करायची ना?)

नाही, नाही. हीच चूक हौशी ब्रीडर करतात. तिचे खुबे उत्तम असतील, स्वभाव शांत असेल, आणि तिला निर्दोष नर दिला, तर एकही पिल्लू या आजाराने आंधळं होणार नाही. सगळे कॅरिअर बाद करत सुटलात तर मोजकेच कुत्रे उरतील, त्यांच्यातच जोड्या लागतील आणि दुसराच एखादा दोष वर येईल. मात्र कॅरिअरच्या पिल्लांपैकी जी पुढे पैदाशीसाठी ठेवायची, त्यांची चाचणी करायलाच हवी.

आणखी एक, थोडक्यात. मेटिंगआधी नर-मादी दोघांची ब्रुसेलाची रक्ततपासणी करा. त्याने गर्भ पडतात, आणि तो जंतू माणसालाही लागू शकतो. बाळंतपण करणारे हात आपलेच असतात.

कायदा काय म्हणतो? 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, मादी किमान 18 महिन्यांची हवी आणि पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकता येत नाही. 18 आणि 24 यांतलं अंतर तुमच्या लक्षात आलंच असेल. ते सहा महिने थांबायचं की नाही, हे ब्रीडरवर सोडलेलं आहे. म्हणून फोनवर आईची जन्मतारीख विचारा, मग खुब्यांचा आणि डोळ्यांचा रिपोर्ट मागा. "आमच्या लाइनमध्ये असले प्रॉब्लेम नाहीत" असं उत्तर आलं, तर त्याचा अर्थ कुणी बघितलेलं नाही असा घ्या आणि पुढचा नंबर लावा.