ओरखडा लहान, गंज मोठा



बोर्डो मिश्रण तयार झाले की आपण त्यात विळ्याचे पाते बुडवून पाहतो. पात्यावर तांबूस थर आला, की चुना कमी पडला असे समजायचे. हा थर म्हणजे मोरचुदातले तांबे लोखंडावर बसलेले असते. धातूवर धातूचा मुलामा बसतो तो असा. हेच काम विजेच्या साहाय्याने केले, तर थर पक्का बसतो. विमानाचे गंजापासून रक्षण करण्यासाठी हीच युक्ती वापरतात.

विमानाला गंज किती महागात पडतो पाहा. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर एका १९ वर्षे जुन्या बोइंग विमानाचे छत उडता उडता फाटून गेले. एक हवाई सेविका दगावली. पत्र्याच्या जोडांतला गंज आणि धातूचा थकवा ही त्यामागची कारणे निघाली.

आपल्याकडे नाशिकजवळ ओझरला १९६४ साली स्थापन झालेला विमान कारखाना आहे. अशा कारखान्यात सुटे भाग रसायनाच्या टाकीत बुडवून थर देता येतो. पण उभ्या विमानावर वीतभर ओरखडा पडला, तर अख्खे विमान टाकीत कसे बुडवणार? तेव्हा टाकीच विमानाकडे न्यायची! कार्बनच्या दांड्याला कापूस गुंडाळून तो रसायनात भिजवतात. दांड्याला विजेचे धन टोक आणि विमानाच्या भागाला ऋण टोक जोडून रंगाच्या ब्रशासारखा हात फिरवतात. पोलादावर अशा रीतीने कॅडमियम किंवा जस्त-निकेल बसते. हा थर स्वतः आधी झिजतो आणि पोलाद वाचवतो. ॲल्युमिनियमला मात्र टोके उलटी जोडतात. मग त्याच्याच अंगावर ऑक्साइडचा कठीण थर तयार होतो. याला ॲनोडायझिंग म्हणतात. दोन्हींत निम्मे काम साफसफाईचे असते. तेलाचा डाग राहिला, की थर सोलून निघालाच.

येरमाळा भागातल्या शेतकऱ्याला यातून काय घ्यायचे? आपल्या जस्ती पाइपाला आटे पाडले किंवा वेल्डिंग केले, की तेवढ्या जागेचे जस्त जाते आणि गंज तिथूनच धरतो. ती जागा तारेच्या ब्रशाने चकचकीत घासावी, कोरडी करावी आणि जस्तयुक्त रंगाचे दोन हात द्यावेत. मोरचूद जस्ती किंवा ॲल्युमिनियमच्या बादलीत भिजवू नये, प्लॅस्टिकची बादली घ्यावी. फवारणी झाली, की पंप स्वच्छ पाण्याने धुवावा.

ओरखडा दिसला त्याच दिवशी झाकावा. पुढच्या हंगामावर टाकलात, तर पाइपच बदलावा लागेल, एवढेच आमचे सांगणे.

— ऊस विकास अधिकारी