कन्सोलचा ताबा कुणाकडे?

वडगाव हा बेळगावातला विणकरांचा भाग. मागावरचा माणूस बदलला तरी साडी अर्ध्यावर सोडून चालत नाही. सर्व्हरचेही तसेच असते.

मोठ्या सर्व्हरमध्ये मुख्य प्रोसेसरखेरीज देखरेखीची एक छोटी चिप असते. मुख्य यंत्र बंद असले, तरी वीज मिळते तोवर ती जागी राहते. तिच्यामार्फत दूर बसूनही यंत्राचा पडदा आणि की-बोर्ड, म्हणजेच कन्सोल, वापरता येतो, यंत्र चालू-बंद करता येते. यासाठीचा आयपीएमआय हा सामाईक नियमसंच इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी 1998 मध्ये आणला. डेल आपल्या सर्व्हरमधल्या या चिपला आयड्रॅक म्हणते, एचपीई (पूर्वीची एचपी) आयएलओ.

दोघे एकाच वेळी कन्सोलवर आले तर? अनेक यंत्रणांत दुसरा ताबा मागतो आणि पहिला तो देतो किंवा नाकारतो. एकाच की-बोर्डवर चार हात नकोत, हा हेतू.

सर्व्हर सांभाळणारा माणूस नोकरी सोडतो तेव्हा नुसता पासवर्ड सांगणे पुरेसे नाही. नव्याच्या नावाने खाते उघडावे, ते चालते का पाहावे, मगच जुने बंद करावे.

सर्व्हरवरच्या लिनक्सचा रूट, म्हणजे सर्वाधिकार देणारा, पासवर्ड हरवला, तर यंत्रासमोर बसून बूट होतानाच्या सूचना बदलून नवा घालता येतो. म्हणूनच सर्व्हरच्या खोलीला कुलूप हवे. मात्र डिस्क कूटबद्ध असेल आणि तिची किल्ली कुठेच जपलेली नसेल, तर ही युक्ती चालत नाही. ती किल्ली पाकिटात घालून तिजोरीत ठेवावी.