खाडीभर पाणी आणि एका मिनिटाचं अंतर

एक लिटर डिझेल पूर्ण जळलं की साधारण ३६ मेगाज्यूल उष्णता सुटते. खाडीच्या ३० अंशांच्या पाण्यात ती सगळी ओतली, तर जवळजवळ १२० लिटर पाण्याला उकळी फुटेल. भिवंडी तालुक्यातल्या अंजूरजवळ उल्हास नदीची खाडी झालेली आहे. तिथून ३०० अश्वशक्तीच्या इंजिनाची लाँच पूर्ण जोरात निघाली, तर तासाला ५५ लिटरच्या आसपास डिझेल जाळील. म्हणजे तासाभरात साडेसहा हजार लिटर पाणी उकळवण्याइतकी आग त्या मोजक्या सिलिंडरांत पेटलेली असते.

या आगीतला पंख्यापर्यंत पोचणारा वाटा चाळीस टक्क्यांच्या जवळपास. साधारण तीस टक्के धुराबरोबर निघून जाते. उरलेली तीस टक्के इंजिनाच्या लोखंडात, ऑइलमध्ये, टर्बोने दाबलेल्या हवेत शिरते, आणि तिला बाहेर काढावंच लागतं. आपल्या लाँचसाठी ही उष्णता सुमारे १६८ किलोवॅट भरते. सिलिंडरमधला वायू क्षणभर २००० अंशांच्या वर जातो आणि पिस्टनचं ॲल्युमिनियम शुद्ध असेल तर ६६० अंशांना वितळतं. तरीही पिस्टन टिकतो, कारण प्रत्येक स्फोटानंतर कुणीतरी ती उष्णता लगेच उचलून नेत असतं. आतलं गोडं पाणी ती हीट एक्स्चेंजरपर्यंत नेतं, आणि तिथे खाडीचं पाणी ती ताब्यात घेतं.

किती पाणी लागतं? खाडीचं पाणी इंजिनातून जाताना १५ अंशांनी तापतं असं धरलं, तर मिनिटाला १६० लिटर. तासाला जवळजवळ दहा हजार लिटर, म्हणजे आपल्या वस्त्यांत येतो तसा पाण्याचा एक भरलेला टँकर. एक लाँच चालवायची तर दर तासाला एक टँकर तिच्या पोटातून जायला हवा.

खाडीवरच्या पुलावरून नाशिककडे धावणाऱ्या ट्रकांनाही हीच अडचण असते, पण ते रेडिएटर आणि फॅनच्या बळावर उष्णता हवेत सोडतात. बोटीला पाणी मिळतं, ही तिची मोठी श्रीमंती. एक घनमीटर पाणी एका अंशाने तापताना जेवढी उष्णता पोटात घेतं, तेवढी घ्यायला जवळजवळ साडेतीन हजार घनमीटर हवा लागते. म्हणून ट्रकच्याच जातीचं सहा सिलिंडरचं इंजिन मच्छीमार बोटीच्या बंदिस्त तळघरात बसतं आणि फॅनशिवाय दिवसभर चालतं.

पण अंजूरचं पाणी गोदीतल्या पाण्यासारखं नाही. भरती-ओहोटी इथला गाळ दिवसातून दोनदा ढवळून काढते. रेतीसाठी तळ उपसला गेला आहे, सक्शन पंपांनी कितीतरी वर्षं तो ओरबाडला आहे. लिटरमागे एक ग्रॅमच गाळ धरू या. मग त्या टँकरभर पाण्याबरोबर तासाला जवळजवळ दहा किलो चिखल हीट एक्स्चेंजरच्या बारीक नळ्यांतून जातो. दिवसाला आठ तास धरले तर ऐंशी किलो. त्यातला हजारावा भाग आत बसला तरी महिन्याला दोन-अडीच किलो. एवढ्यावर नळ्या अरुंद होतात, आणि काट्यावरचं तापमान एक-एक अंशाने चढू लागतं. हे रोज पाहणाऱ्या माणसाच्याही डोळ्यांत भरत नाही.

हे सगळं पाणी ओढतं कोण? बहुतेक बोटींत हाताच्या पंजात मावेल असं पंपातलं रबरी चाक, म्हणजे इंपेलर. त्याला वंगण लागतं तेही पाण्याचंच. पाणी आत घेणाऱ्या तोंडावरच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी चिकटली आणि पाणी थांबलं, तर तो कोरडा फिरून थोड्याच वेळात फाटतो. आता हिशेब पाहा. इंजिनात ४० लिटर गोडं पाणी आणि ९०० किलो लोखंड आहे, आणि १६८ किलोवॅट उष्णतेला बाहेर पडायला वाटच नाही. ८५ अंशांवरून १०० अंशांवर जायला त्याला सुमारे ५२ सेकंद लागतात. प्रत्यक्षात पाणी आधी तापतं आणि लोखंड मागून, त्यामुळे हेडजवळचं पाणी याहूनही लवकर उकळू लागतं. पुढे गॅस्केट उडतं. धुराच्या वाटेवरचा रबरी पाइपही पाण्यावरच जगतो. तो कोरडा पडला की चारशे-पाचशे अंशांचा धूर थेट त्याला चाटतो.

हीच १६८ किलोवॅटची उष्णता तासभर खाडीला दिली, तर खाडीचं काय होतं? १०० मीटर रुंद, ३ मीटर खोल आणि एक किलोमीटर लांब असा अंजूरजवळचा तुकडा कल्पनेत घ्या. त्यात तीन लाख घनमीटर पाणी. ते तापेल अंशाच्या दोन हजाराव्या भागाने. इंजिनाला मिनिटभरात मारणारी उष्णता खाडीच्या गावीही नसते. दोघांच्या मध्ये तो रबराचा तुकडा असतो.

पाण्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण माझी खरी काळजी ऑइलची आहे. नऊ सेंटिमीटर जाडीचा क्रँकशाफ्ट मिनिटाला २००० फेरे घेतो, तेव्हा त्याचा पृष्ठभाग बेअरिंगवरून ताशी ३४ किलोमीटर वेगाने घसरत असतो. मध्ये ऑइलचा थर असतो काही मायक्रॉनचा. केसाची जाडी सत्तरेक मायक्रॉन. हा थर टिकतो तो ऑइलच्या दाटपणावर. ४० ग्रेडचं ऑइल ४० अंशांना जेवढं दाट, त्याचा साधारण दहावा हिस्साच १०० अंशांना उरतो. आणखी वीस अंश चढले की त्यातलंही जवळपास चाळीस टक्के जातं. शिवाय दर दहा अंशांमागे ऑइलचं आयुष्य निम्मं होतं, असा इंजिनिअरांचा ठोकताळा आहे. ऑइल सतत चाळीस अंश जास्त तापत राहिलं तर आयुष्य सोळाव्या भागावर येतं.

म्हणून थंड तितकं चांगलं, असंही नाही. पाण्याचं तापमान राखणारा थर्मोस्टॅट काढून टाकायचा उपाय अजून सांगितला जातो, आणि तो घातक आहे. ऑइल गारच राहिलं तर त्यात उतरलेला ओलावा उडत नाही, आणि डिझेलमधल्या गंधकाचं आम्ल धातू खात बसतं. ऑइल ९० ते ११० अंशांत आणि गोडं पाणी ८० ते ९० अंशांत असेल, तर इंजिन सुखात असतं. खारं पाणी थेट आत खेळवणाऱ्या छोट्या आउटबोर्ड इंजिनांना मात्र ५०-६० अंशांतच ठेवतात, कारण त्यापुढे क्षार गरम भिंतींवर थर धरू लागतात.

मोठ्या जहाजांवर गणित हेच, शून्यं जास्त. २००६ साली आलेल्या ‘एमा मर्स्क’ या कंटेनर जहाजाचं इंजिन ८० हजार किलोवॅटचं, वजन २३०० टन. तिथे उष्णता काढायला माझ्या हिशेबाने सेकंदाला टनभर पाणी लागावं.

आता परत अंजूरला. पोर्तुगिजांविरुद्धच्या वसई मोहिमेत मराठ्यांना साथ देणारे गंगाजी नाईक अंजूरकर याच गावचे. १७३७ ते १७३९ च्या त्या मोहिमेच्या वेळी या खाडीतली वाहतूक वारा, वल्ही आणि भरतीवर चाले. २०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले, त्यांत कल्याण-ठाणे-मुंबई आणि वसई खाडीचा १४५ किलोमीटरचा ५३ क्रमांकाचा मार्ग आहे. त्यावर आखलेल्या थांब्यांत अंजूरदिव्याचंही नाव आहे. इथे प्रवासी बोटी धावाव्यात असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच वाटतं की खाडीचा चिखल आत ओढणारी इंजिनं त्यांना नकोत. तळाला बाहेरून नळ्या बसवून इंजिनाचं स्वतःचंच पाणी त्यांतून फिरवायचं, ही कील कूलिंगची पद्धत जुनी आणि आजमावलेली आहे. गाळ बाहेरच राहतो. नळ्यांवर शेवाळ आणि कालवं धरतात, ती खरवडावी लागतात, पण ते काम बोट वर काढल्यावर करता येतं, भर खाडीत नाही.

आणि थांब्याला लागल्या लागल्या इंजिन बंद करण्याची घाई नको. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेत असतो. इंजिन थांबलं की त्याला मिळणारं ऑइल थांबतं, आणि आत उरलेलं ऑइल तापलेल्या लोखंडावर जळून कोळसा होतं. तीन-चार मिनिटं इंजिन मंद चालू द्यावं, पाणी फिरू द्यावं, मग बंद करावं. वेळापत्रक आखणाऱ्यांनी ही मिनिटं आधीच धरलेली बरी.