छंदासाठी कॅमेरा घेताना : व्यापाऱ्याच्या नजरेने

धान्याची मूठ हाती घेऊन तिच्यातील ओल सांगणारे, कापडाचा पोत नुसत्या स्पर्शाने ओळखणारे आमचे व्यापारी बंधू कॅमेऱ्याच्या दुकानात शिरले की एकाएकी भोळे होतात. प्रस्तुत लेखक हे विधान स्वानुभवावरून करीत आहे. काही वर्षांपूर्वी पुतण्याच्या हट्टाखातर आम्ही परगावच्या एका दुकानातून नवा कॅमेरा घेतला. त्यासोबत बॅग, ट्रायपॉड, फिल्टर, पुसण्याचे कापड अशा अकरा वस्तू ‘भेट’ मिळाल्या. भेटीची किंमत मूळ मालावर चढविलेली असते, हे आपण आपल्या गिऱ्हाइकाला कधी सांगत नाही. मग आपल्याला तरी ते कोण सांगणार?

पुढच्याच रविवारी आम्ही काका-पुतणे बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीत गेलो. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ साली उभारलेले हे जिनमंदिर. गाभाऱ्यात भगवान नेमिनाथांची मूर्ती, आणि मंडपाच्या छतातून उमललेले ते पाषाणाचे कमळ! पुतण्याला ते कमळच टिपायचे होते. ट्रायपॉड उघडताच रखवालदाराने हटकले. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत त्यासाठी आगाऊ परवानगी लागते. कॅमेरा हातात धरून काढलेली सारी चित्रे हललेली निघाली. “काका, कॅमेराच खराब दिलाय हो,” असे म्हणून पोर हिरमुसले. दोष कॅमेऱ्याचा नव्हता, आमच्या खरेदीचा होता.

येथे थोडा हिशेब मांडू. कॅमेऱ्यासोबत बहुधा १८ ते ५५ मिलिमीटरची लेन्स मिळते. दूरची वस्तू जवळ आणण्यासाठी ती ५५ वर नेली, की तिचे छिद्र जास्तीत जास्त एफ ५.६ इतकेच उघडते. हा आकडा म्हणजे भागाकार होय. लेन्सच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की तो मिळतो. म्हणून आकडा लहान तितके छिद्र मोठे. एफ १.८ ची लेन्स एफ ५.६ च्या मानाने सुमारे दहापट प्रकाश आत घेते. ज्या अंधुक मंडपात पहिलीला सेकंदाचा सहावा भाग शटर उघडे ठेवावे लागते, तेथे दुसरीचे काम साठाव्या भागात उरकते. सहाव्या भागात हात हलतोच. साठाव्यात स्थिर माणसाचा सहसा हलत नाही. आयएसओ वाढवून हीच तूट भरता येते खरी, परंतु फार वाढविल्यास चित्रावर रवा उठतो.

म्हणून आमचे मत असे की, नवशिक्याने कॅमेऱ्याच्या बॉडीवर बेताचा खर्च करावा आणि वाचलेली रक्कम एका उजळ लेन्समध्ये घालावी. बहुतेक प्राथमिक कॅमेऱ्यांचा सेन्सर सुमारे २४ गुणिले १६ मिलिमीटरचा असतो. त्यावर ३५ मिलिमीटरची एफ १.८ लेन्स घरातील पूजा, लग्नसमारंभ, दुकानातील माणसे, सर्वांना पुरते. ५० मिलिमीटरची पुष्कळदा स्वस्त पडते व चेहऱ्यांना उत्तम. पण लहान खोलीत पाठ भिंतीला टेकते आणि निम्मे कुटुंब चौकटीबाहेर राहते.

जुना माल घ्यावयास हरकत नाही. २०१८ साली कॅनन आणि निकॉन या दोघांनीही आरशाविना चालणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी लेन्स बसविण्याची नवी खाच आणली. तेव्हापासून अनेकांनी आपले आरशाचे जुने कॅमेरे विकायला काढले आहेत. तथापि खाच जुळते की नाही हे दुकानातच लेन्स चढवून पाहावे. निकॉनच्या डी ३००० व डी ५००० मालिकांतील कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. मोटरविरहित जुनी लेन्स त्यांवर बसते, पण फोकस हाताने करावा लागतो. लेन्समधून बॅटरीचा झोत टाकून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात का, हेही पाहावे. दिसल्यास किंमत कितीही उतरो, हात जोडून बाहेर पडावे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. छंदाच्या कॅमेऱ्याचे बिल पेढीच्या नावे करून जीएसटीचे क्रेडिट घेण्याचा सल्ला देणारे सर्वत्र भेटतात. खाजगी वापराच्या वस्तूवर ते क्रेडिट मिळत नाही. बिल अवश्य घ्यावे, पण स्वतःच्या नावे.

जोडसामानापैकी हूड प्रथम घ्यावे. आडवा प्रकाश अडवून ते चित्राचा फिकेपणा टाळते, शिवाय लेन्सला धक्क्यापासून जपते. यूव्ही फिल्टरची डिजिटल सेन्सरला गरज नसते. तो केवळ संरक्षक काच, आणि हलका असेल तर दिव्यांची भुते चित्रात उमटवितो. आमच्या भेटीतला त्याच जातीचा होता. पोलरायझर मात्र गोकाकच्या धबधब्याजवळील ओल्या खडकांची चकाकी छान मारतो. पितळेची भांडी वा सोन्याचे दागिने टिपणाऱ्यांनी त्यावर पैसे घालू नयेत. उघड्या धातूवरील चकाकी त्याने जात नाही.

आपल्या समाजाला लागू असा एक विचार राहिला. जुन्या फिल्मवर जिलेटिनचा थर असे, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होते. डिजिटल कॅमेऱ्याने ती अडचण चित्र टिपण्यापुरती दूर केली. लॅबमधील रासायनिक कागदावरील प्रतीत तो थर अजूनही असतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. कॅमेऱ्याचा पट्टा व पिशवी चामड्याऐवजी कॅनव्हासची घेतली, तर काम कोठेच अडत नाही.

बेळगावच्या पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते आणि तिच्या आम्लाने काचेवरील लेप खातो. एकदा धरल्यावर तिला मारून काढण्यापेक्षा ती उत्पन्नच होऊ न देणे हेच आपल्या यत्नाचाराला धरून आहे, आणि खर्चाच्या दृष्टीनेही तेच बरे. चामड्याच्या वा कापडी पिशवीत लेन्स महिनोन्‌महिने कोंडून ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखविणारे छोटे घड्याळ ठेवावे. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावा. जेलचे मणी रंग बदलू लागले की ते मंद आचेवर, जेवणाच्या नव्हे अशा भांड्यात, तापवून पुन्हा कोरडे करावे. आमच्याकडे आषाढात हे काम दर पंधरवड्याला निघते आणि पुतण्या ते न सांगता करतो. कमळाचे चित्र त्याला दुसऱ्या वर्षी मिळाले, जुन्या बाजारात घेतलेल्या ३५ मिलिमीटरच्या लेन्सने.